ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हर: स्टेट आणि मेमरीची हुशारी नक्की कोणी करायची?

टर्मिनलकर

सध्या मेसाचा (लिनक्सवरच्या ओपन सोर्स ग्राफिक्स ड्रायव्हरांचा संच) सोर्स कोड वाचायचं खूळ डोक्यात शिरलंय. एकाच इंटेल चिपचे दोन ओपनजीएल ड्रायव्हर शेजारी-शेजारी उघडून बसतो: जुना आय-९६५ आणि त्याच्या जागी आलेला आयरिस. चिप तीच, ओपनजीएल तेच, पण कोडचा बाज पूर्ण वेगळा.

ज्यांनी हे प्रकरण कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओपनजीएल म्हणजे प्रोग्रॅमनं जीपीयूकडून (ग्राफिक्स चिपकडून) चित्र काढून घ्यायची रीत. त्यात प्रोग्रॅम एकेक सेटिंग बदलत जातो: ब्लेंडिंग चालू, डेप्थ टेस्ट अशी, टेक्श्चर हे, शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्रॅम) तो. आणि मग म्हणतो, काढ चित्र. या सगळ्या सेटिंगांची त्या क्षणाची अवस्था म्हणजे स्टेट. आय-९६५ काय करायचा, तर सेटिंग हलली की डर्टी बिट, म्हणजे 'हे बदललंय' अशी खूण, लावून ठेवायचा. मग ड्रॉ कॉल आला की लांबलचक यादीवरून फिरायचं, कुठला बिट लागलाय ते बघायचं आणि त्यानुसार हार्डवेअरचं पॅकेट नव्यानं तयार करायचं. एका फ्रेममध्ये असे हजारो ड्रॉ कॉल. जीपीयू रिकामा बसलाय आणि सीपीयू घामाघूम, अशी अवस्था व्हायची.

आयरिस गॅलियमच्या, म्हणजे मेसातल्या ड्रायव्हर लिहायच्या सामायिक चौकटीच्या, पद्धतीनं जातो. ब्लेंड, रास्टरायझर, डेप्थ-स्टेन्सिल, सॅम्पलर असे स्टेटचे मोजके गठ्ठे. गठ्ठा एकदा तयार केला की त्यात बदल नाही. तयार करतानाच त्याचं हार्डवेअरच्या भाषेत रूपांतर करून ठेवायचं, आणि ड्रॉच्या वेळी फक्त ते बिट कमांड बफरमध्ये उतरवायचे. पंगतीत प्रत्येक पानासमोर थांबून 'भात वाढू का, वरण वाढू का' विचारत फिरण्यापेक्षा थाळ्या आधीच भरून ठेवायच्या, असा तो हिशोब.

मेमरीचंही तसंच. आय-९६५ कमांड बफरमध्ये टेक्श्चर वगैरेंचे पत्ते अंदाजानं लिहायचा आणि सोबत एक यादी जोडायचा, की अमुक जागी अमुक बफरचा (मेमरीच्या तुकड्याचा) पत्ता आहे. बफर हलला असेल तर कर्नल त्या यादीप्रमाणे पत्ते दुरुस्त करणार. हे रिलोकेशन. आयरिसमध्ये ती भानगडच नाही. प्रत्येक प्रोग्रॅमला आपली स्वतंत्र ४८ बिटांची ॲड्रेस स्पेस मिळते, तर बफर कुठे बसवायचा ते युजरस्पेसच (कर्नलबाहेरचा भाग, म्हणजे इथे आयरिस) ठरवतं आणि बफर जिवंत असेपर्यंत तो पत्ता हलत नाही.

माझं मत असं झालंय की ड्रायव्हरमधली हुशारी हाच रोग आहे. ड्रायव्हर जितका मठ्ठ, तितका तो वेगवान आणि तितके त्यात बग कमी. पण एक शंका राहते. ही गुंतागुंत खरंच संपली, की नुसती इकडून तिकडे सरकली? आणि आज कोणी नव्या चिपसाठी कोऱ्या पाटीवर ड्रायव्हर लिहायला बसलं तर यातलं काय उचलावं?

मिसळ_एक्स्ट्रापाव

धागा शेवटपर्यंत वाचला. काही कळलं नाही. तरी वाचला याची नोंद घ्यावी.

निवांत

वरच्यांशी सहमत. थाळीपर्यंत कळलं.

हेमांगी_कु

चांगला धागा. सरकली की संपली, याचं उत्तर मेमरीच्या इतिहासात सापडेल असं वाटतं, म्हणून जरा मागे जाते.

२००८ च्या आसपास लिनक्समध्ये जीपीयूच्या मेमरीसाठी दोन पर्याय भांडत होते. टंगस्टन ग्राफिक्सचं टीटीएम, आणि इंटेलच्या कीथ पॅकर्ड आणि एरिक ॲनहोल्ट यांनी आणलेलं जेम. टीटीएमला सगळं यायचं: व्हीआरॅम (कार्डावरची स्वतःची मेमरी), सिस्टिम मेमरी, एकीकडून दुसरीकडे हलवणं, हाकलणं. पण एपीआय (वापरणाऱ्या प्रोग्रॅमला दिसणारी बाजू) अवजड. इंटेलच्या चिपला स्वतःचं व्हीआरॅम नव्हतंच, मग हा सगळा बोजा कशाला, असं म्हणून त्यांनी सुटसुटीत जेम केलं. ते २.६.२८ कर्नलमध्ये गेलं. टीटीएम त्यानंतर २.६.३१ मध्ये, रेडिऑनच्या (एएमडीच्या कार्डांच्या) निमित्तानं.

पुढे काय झालं ते मजेशीर आहे. रेडिऑन आणि नुवो (एनव्हिडियाच्या कार्डांसाठीचा) या दोन्ही ड्रायव्हरांनी युजरस्पेसला दाखवायला जेमचं तोंड ठेवलं आणि आत टीटीएम चालवलं. आणि इंटेलनं स्वतःचं व्हीआरॅम असलेली कार्डं काढली तेव्हा त्यांच्या आय-९१५ या कर्नल ड्रायव्हरलाही टीटीएमकडेच यावं लागलं! म्हणजे 'साधं' कोणासाठी, हे हार्डवेअरवर ठरतं. ज्याच्याकडे एकच मेमरी आहे त्याला दोन मेमऱ्यांची यंत्रणा अवजडच वाटणार.

दुसरं, जेममध्येही एक गोष्ट अति साधी करून ठेवली होती. दोन प्रोसेसनी बफर वाटून घ्यायचा तर ३२ बिटांचं एक जागतिक नाव द्यायचं. नाव म्हणजे नुसता आकडा. अंदाजानं आकडे टाकत गेलं तर दुसऱ्याचा बफर उघडता यायचा. नंतर डीएमए-बफ आलं (३.३ कर्नल), त्यात फाइल डिस्क्रिप्टर हातात दिल्याशिवाय बफर मिळत नाही. पण ते जुनं आयोक्टल (प्रोग्रॅमनं कर्नलला मारायची हाक) आजही कर्नलमध्ये आहे, कारण एकदा दिलेला इंटरफेस काढता येत नाही. साधेपणाचं बिल असं नंतर येतं.

बाइटबहाद्दर

हेमांगीताई, इतिहास मस्त. टर्मिनलकर, तुमच्या 'ड्रायव्हर मठ्ठ हवा' याच्याशी मात्र पूर्ण असहमत.

तुमची थाळी व्हल्कननं (ओपनजीएलनंतरच्या नव्या एपीआयनं) टोकाला नेली. २०१६ साली व्हल्कन १.० आलं तेव्हा जवळपास सगळी स्टेट आणि शेडर मिळून एकच पाइपलाइन ऑब्जेक्ट. ब्लेंड बदलायचंय? नवी पाइपलाइन. व्हर्टेक्सचा साचा बदलायचाय? नवी पाइपलाइन. थोडक्यात, थाळीवाल्यानं पुणेरी पाटी लावली: 'थाळीत कोणताही बदल करून मिळणार नाही. विचारू नये.' ड्रायव्हर लिहिणारे खूश. आणि गेम खेळणारे? डायरेक्टएक्स ११ च्या (लिनक्सवर व्हल्कनमध्ये अनुवाद करून चालवलेल्या विंडोजच्या) गेमला कुठली स्टेट कुठल्या शेडरबरोबर येणार हे ड्रॉच्या क्षणापर्यंत माहीत नसतं. मग त्या क्षणी पाइपलाइन कंपाइल करायची, आणि भर लढाईत स्क्रीन अडकायचा.

म्हणून मग काय काय आणावं लागलं बघा. २०२० मध्ये एक्स्टेंडेड डायनॅमिक स्टेट, म्हणजे पाइपलाइनमधून काही स्टेट बाहेर काढून पुन्हा सुटी केली. २०२२ मध्ये व्हल्कन १.३ मध्ये ते कोअरमध्येच घेतलं. त्याच वर्षी पाइपलाइन लायब्ररी, म्हणजे तुकडे आधी कंपाइल करा, जोडा नंतर. २०२३ मध्ये शेडर ऑब्जेक्ट, म्हणजे पाइपलाइनच नको! सात वर्षांत फिरून जवळपास सुट्या स्टेटपाशी आलो.

आणि मेमरीतली हुशारी ड्रायव्हरमधून काढायची म्हणता, तर ओपनजीएलमध्ये ती काढताच येत नाही. प्रोग्रॅमनं एक बफर जीपीयूला दिला, जीपीयू अजून तो वाचतोय, आणि प्रोग्रॅम त्याच बफरमध्ये नवा डेटा ओतायला आला. आता काय? थांबायचं? मग फ्रेम रेट गेला. म्हणून ड्रायव्हर गुपचूप नवी मेमरी घेतो, बफरचं नाव तेच ठेवतो आणि जुनी मेमरी जीपीयूचं वाचून झालं की सोडतो. किंवा डेटा बाजूला ठेवून नंतर कॉपी करतो. ही हुशारीच आहे, आणि तिच्याशिवाय निम्मे जुने प्रोग्रॅम रांगत चालतील. (निम्मे हा आकडा माझ्या मनाचा. ह. घ्या.)

टर्मिनलकर

बाइटबहाद्दर, पाटी आवडली. :)

पण व्हल्कनची गल्लत एपीआयच्या पातळीवर झाली, ड्रायव्हरच्या नव्हे. गॅलियमचे गठ्ठे छोटे आहेत. ब्लेंड बदललं तर ब्लेंडचाच गठ्ठा बदलतो, शेडरला धक्का लागत नाही. व्हल्कननं सगळं एकत्र शिवलं म्हणून रडारड झाली. मधला मार्ग गॅलियमला २००८ मध्येच सापडला होता असं माझं म्हणणं.

रासबेरीवाले_काका

"ब्लेंड बदललं तर शेडरला धक्का लागत नाही"

इंटेलवर नसेल लागत. आमच्याकडे लागतो.

रासबेरी पाय ३ पर्यंतच्या व्हिडिओकोअर ४ चिपमध्ये ब्लेंडिंगचं वेगळं सर्किटच नाही. फ्रॅगमेंट शेडरच्या शेपटीला ब्लेंडिंगच्या सूचना जोडाव्या लागतात. ब्लेंडची स्टेट बदलली की शेडरचा नवा अवतार कंपाइल करायचा. ॲपलच्या जीपीयूमध्येही ब्लेंडिंग शेडरमध्येच होतं. गॅलियमचे गठ्ठे डेस्कटॉप कार्डांकडे बघून पाडलेले आहेत. टाइलवाल्या (स्क्रीनचे चौकोनी तुकडे पाडून एकेक रंगवणाऱ्या) मोबाइल चिपांना ते कुठे ना कुठे टोचतातच.

मेमरीची तर आणखी गंमत. व्हिडिओकोअर ४ ला एमएमयू, म्हणजे पत्त्यांचं भाषांतर करून मेमरी राखणारं सर्किट, नाही. जीपीयूनं लिहिलेला पत्ता थेट भौतिक मेमरीचा. म्हणजे कोणीही शेडर लिहून कर्नलची मेमरी वाचू शकतो की! म्हणून व्हीसी-४ ड्रायव्हरमध्ये कर्नल प्रत्येक कमांड लिस्ट कॉपी करून तपासतो, आणि शेडरसुद्धा एकेक सूचना करून तपासतो, की टेक्श्चरबाहेर कुठे हात घालत नाहीये ना. बफर सलग हवेत म्हणून सीएमएचा वेगळा साठा राखावा लागतो, आणि टाइल बिनिंगच्या एका मर्यादेमुळे तो सगळा २५६ एमबीच्या एकाच पट्ट्यात. भरला की विषय संपला.

पाय ४ मध्ये एमएमयू आला आणि व्ही-३-डी ड्रायव्हरमधून ही सगळी तपासणी गेली. हा साधेपणा कोडमधून आला नाही, सिलिकॉनमधून आला. तेव्हा आयरिस सुटसुटीत दिसतो याचं श्रेय कोड लिहिणाऱ्यांइतकंच त्या ४८ बिटांच्या ॲड्रेस स्पेसला द्या.

हेमांगी_कु

काका, +१. याला पुरावाही आहे. आयरिस फक्त जेन ८ (इंटेल ग्राफिक्सची आठवी पिढी) आणि पुढच्या चिपांसाठी लिहिला. जेन ४ ते ७ साठी डेव्ह एअरलीनं त्याच साच्यातून क्रोकस ड्रायव्हर काढला, आणि त्यात रिलोकेशन परत आणावी लागली.

जुनाट_लॅपटॉप

तुमचं सुटसुटीत वगैरे ठीक आहे. पण त्या सुटसुटीतपणापायी जुने ड्रायव्हर उडवले त्याचं काय? मेसा २२.० मध्ये सगळे क्लासिक ड्रायव्हर (गॅलियमवर न बसलेले, आय-९६५ सारखे) मुख्य कोडमधून बाहेर, ॲम्बर नावाच्या शाखेत. गावाकडे शाळेला दिलेली जुनी मशिन्स अशाच चिपांवर चालतात. कोड साफ झाला, भुर्दंड गरिबाला.

बाइटबहाद्दर

जुनाट, चिप कुठली आहे? २००६ ची ९४५ वाली असेल तर तिच्यासाठी गॅलियमवर आधारलेला आय-९१५-जी ड्रायव्हर मुख्य कोडमध्येच आहे. जेन ४ ते ७ असेल तर वर ताईंनी म्हटलेला क्रोकस. खरे बाहेर गेले ते पहिल्या पिढ्यांचे रेडिऑन (आर-१०० आणि आर-२००) आणि एनव्हिडियाची अगदी जुनी कार्डं. ती ॲम्बरवर चालतात, दोन्ही मेसा एकाच मशिनवर नांदू शकतात.

आणि बाहेर काढल्यानं फायदा काय झाला तेही बघा. क्लासिक ड्रायव्हरांसाठी मेसाच्या पोटात प्रत्येक गोष्टीला एक फंक्शन पॉइंटर होता. ते गेल्यावर ओपनजीएलचा पुढचा भाग थेट गॅलियमशी बोलायला लागला, मधला एक थरच उडाला. त्याचा लाभ क्रोकसवाल्या तुमच्या शाळेलाही मिळतोय.

जुनाट_लॅपटॉप

९४५ च आहे. बघतो. पण ॲम्बरमध्ये नवं काही येणार नाही हा मुद्दा आर-१०० वाल्यांसाठी उभाच आहे.

बाइटबहाद्दर

तो आहेच.

मिसळ_एक्स्ट्रापाव

माझ्याकडे २०११ चा लॅपटॉप आहे. तो चालू केला की पंखा इतका ओरडतो की शेजारच्या काकू विचारतात मिक्सर चालू आहे का. यात स्टेटचा दोष की मेमरीचा?

निवांत

धुळीचा.

फेन्सवरचा_कावळा

सगळे स्टेट आणि मेमरीवर बोलतायत, पण मेमरीचा खरा काच 'कुठे' हा नाही, 'कधी' हा आहे. बफर कुठे ठेवायचा हे सोपं. जीपीयूचं काम कधी संपलं, म्हणजे मी तो पुन्हा वापरू शकतो, हे अवघड.

लिनक्सची जुनी रीत अशी: प्रत्येक सबमिटला (जीपीयूला काम सोपवताना) बफरांची यादी कर्नलला द्यायची. कर्नल त्या सगळ्या बफरांना कुलूप लावणार (एकाच वेळी अनेक कुलपं लावताना दोघे एकमेकांत अडकू नयेत म्हणून ३.११ मध्ये डब्ल्यूडब्ल्यू म्यूटेक्स आणले), जागेवर आहेत का बघणार, आणि प्रत्येकावर फेन्स (काम संपलं की उघडणारं फाटक) टांगणार. पुढचा जो तो बफर वापरेल तो आपोआप त्या फेन्ससाठी थांबेल. याला इम्प्लिसिट सिंक म्हणतात. ॲपवाल्याला काही करावं लागत नाही, म्हणून वरून फार साधं. आतून मात्र दहा हजार बफर असतील तर प्रत्येक सबमिटला दहा हजारांची वारी.

आता नवी रीत व्हीएम-बाइंड. बफर एकदा ॲड्रेस स्पेसमध्ये बसवा, तो तिथे राहील. सबमिटला फक्त कमांडचा पत्ता आणि सिंक-ऑब्जेक्ट (फेन्स धरून ठेवणारी वस्तू) द्या. यादी नाही, वारी नाही. नुवोमध्ये हे ६.६ कर्नलला आलं, कारण एनव्हीके हा नवा व्हल्कन ड्रायव्हर त्याशिवाय पुढे जाऊ शकत नव्हता. स्पार्स मेमरीसाठी (पत्ते आधी राखायचे, खरी मेमरी लागेल तशी बसवायची) लागतंच ते, आणि डायरेक्टएक्स १२ चे गेम स्पार्स मेमरी मागतात. इंटेलचा नवा एक्सई ड्रायव्हर (६.८) तर सुरुवातीपासून फक्त याच रीतीनं लिहिलाय.

पण हा साधेपणाही फुकट नाही. यादी नाही म्हणजे या कामाला कुठला बफर लागतो हे कर्नलला माहीतच नाही. मग त्या ॲड्रेस स्पेसमधले सगळेच जागेवर हवेत. व्हीआरॅम भरलं की कोणाला बाहेर काढायचं हे कर्नल शहाणपणानं ठरवू शकत नाही. बजेट बघून आवरायचं काम गेमकडे आलं. आणि दोन ॲप्सच्या मारामारीसाठी ६.१४ मध्ये जीपीयू मेमरीचा सीग्रुप कंट्रोलर (प्रोसेसच्या गटांना मर्यादा घालणारा) आणावा लागला.

तेव्हा धागाकर्त्यांच्या शंकेला माझं उत्तर: सरकली. ड्रायव्हरकडून ॲपकडे.

टर्मिनलकर

कावळेबुवा, जबरदस्त प्रतिसाद. पण मग सरकल्यानं फायदा झाला की नाही? माझ्या मते झाला. ॲपला माहीत असतं की हे टेक्श्चर पुढच्या लेव्हलपर्यंत लागणार नाही. ड्रायव्हरला कितीही अक्कल दिली तरी तो अंदाजच करणार. ज्याच्याकडे माहिती त्यानं निर्णय घ्यावा.

रासबेरीवाले_काका

आणि ॲपवाल्यानं आळस केला तर? व्हल्कनमध्ये मेमरी ॲपनं मागायची, आणि ड्रायव्हरनं किमान ४०९६ वेळा द्यावी एवढीच हमी. प्रत्येक टेक्श्चरला वेगळी मेमरी मागणारे महाभाग ती हद्द गाठतात. शेवटी बहुतेक लोक एएमडीची तयार ॲलोकेटर लायब्ररी जोडतात. म्हणजे पूर्वी ड्रायव्हरमध्ये होता तोच कोड आता प्रत्येक गेमच्या पोटात!

फेन्सवरचा_कावळा

हो, पण तो बिघडला तर एक गेम बिघडतो. ड्रायव्हरमधला बिघडला की सगळे.

अमृता_द

अवांतर: रस्टबद्दल (मेमरीच्या चुका कंपाइल करतानाच पकडणारी भाषा) कोणीच कसं बोललं नाही? ॲपलच्या एम-१ वगैरेंसाठीचा 'असाही लिनक्स' या प्रकल्पाचा कर्नल ड्रायव्हर रस्टमध्ये आहे. तिथे जीपीयूवर फर्मवेअर बसलंय, आणि ड्रायव्हर त्याच्याशी मेमरीतल्या स्ट्रक्चर्समधून बोलतो. एका स्ट्रक्चरमध्ये दुसऱ्याचा पत्ता, त्यात तिसऱ्याचा. एक पत्ता जरी आधीच सोडून दिलेल्या मेमरीकडे बोट दाखवत असला तरी फर्मवेअर आडवं, आणि मग मशिन रीस्टार्टच. असल्या ठिकाणी कोण कोणाहून जास्त जगणार हे कंपाइलरनं तपासणं ही चैन नाही, गरज आहे.

बाइटबहाद्दर

रस्ट आलं, पॉपकॉर्न आणा. :))

गंभीरपणे, सी मध्येही मालकीचा हिशोब नीट मांडला तर बराच फरक पडतो. गॅलियममध्ये व्हर्टेक्स बफर देताना पूर्वी एक झेंडा असायचा, की मालकी घेतोयस की नुसता वापरतोयस. प्रत्येक ड्रायव्हरला दोन्ही वाटा सांभाळाव्या लागायच्या. नंतर तो झेंडाच काढून टाकला: मालकी नेहमी घ्यायचीच. रेफरन्स काउंट (बफर किती जण वापरतायत तो आकडा) वरखाली करायची महागडी अटॉमिक ऑपरेशनं टळली, एक वाट गेली, आणि 'इथे सोडायचा होता की नाही' हा बगही गेला. असे छोटे बदल कोणाच्या बातम्यांत येत नाहीत, पण रोजचं काम हलकं होतं ते यानंच.

अमृता_द

हे मान्य. फक्त सी मध्ये हा नियम कॉमेंटमध्ये लिहिलेला असतो, आणि कॉमेंट कंपाइलर वाचत नाही.

निवांत

माणसं तरी कुठे वाचतात.

हेमांगी_कु

टर्मिनलकरांचा दुसरा प्रश्न सगळे विसरले. आज कोऱ्या पाटीवर काय उचलावं?

कर्नलमध्ये: चिपला स्वतःचं व्हीआरॅम नसेल तर टीटीएमच्या वाटेला जाऊ नका, जेमचा शमेम हेल्पर (साध्या सिस्टिम मेमरीसाठीचा तयार कोड) पुरतो. पॅनफ्रॉस्ट आणि लिमा (माली चिपांचे ड्रायव्हर) त्यावरच उभे आहेत. एमएमयू असेल तर पहिल्या दिवसापासून व्हीएम-बाइंड. जीपीयू-व्हीएम नावाची सामायिक चौकट आता कर्नलमध्ये आहे, ॲड्रेस स्पेसचा हिशोब स्वतः लिहू नका. कुलपांसाठी डीआरएमचं (कर्नलमधला ग्राफिक्सचा विभाग) डीआरएम-एक्झेक, रांगेसाठी डीआरएमचा शेड्युलर, सिंकसाठी सिंक-ऑब्जेक्ट. आणि आयोक्टल ठरवताना दहादा विचार, कारण वर म्हटलं तसं ते परत घेता येत नाहीत. ते वापरणारा ओपन सोर्स युजरस्पेस तयार झाल्याशिवाय कर्नल ते घेतही नाही, हा नियम जाचक वाटतो पण त्यानं बरंच वाचतं.

युजरस्पेसमध्ये: आधी व्हल्कन. मेसाच्या सामायिक व्हल्कन रनटाइममध्ये स्टेट गोळा करून, पाइपलाइनमधून आलेली आणि डायनॅमिक दोन्ही एकाच साच्यात ओतून देणारा कोड फेथ एकस्ट्रँडनं घातला. ड्रायव्हरनं फक्त तो साचा वाचायचा. वर बाइटबहाद्दर म्हणाले ती डायनॅमिक स्टेटची सगळी एक्स्टेन्शनं त्यामुळे बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात.

आणि ओपनजीएल? लिहूच नका. झिंक वापरा, तो ओपनजीएलचं व्हल्कन करून देतो. मेसा २५.१ पासून एनव्हिडियाच्या ट्युरिंग आणि पुढच्या कार्डांवर हीच जोडी डिफॉल्ट आहे. टर्मिनलकर, तुमच्या लाडक्या आयरिससारखा ड्रायव्हर नव्या चिपसाठी आता बहुधा कोणी लिहिणार नाही.

टर्मिनलकर

म्हणजे मी वाचतोय ते पुस्तक छापून यायचं बंद झालंय तर! चालेल, एनव्हीके उघडतो.

ताई, एकच हरकत. व्हीसी-४ सारखी बिनएमएमयूची किंवा फार जुनी चिप असेल तर व्हल्कन जमणारच नाही. तिथे गॅलियमच.

हेमांगी_कु

तिथे गॅलियमच, हो.

सांगलीची_सई

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सी येतं, ओपनजीएल थोडं केलंय. माझ्याकडे ग्राफिक्स कार्ड नाही. यात काही करता येईल का, की आधी पैसे साठवू?

फेन्सवरचा_कावळा

सई, स्वागत. पैसे साठव, पण त्यासाठी थांबू नकोस. कर्नलमध्ये व्हीकेएमएस नावाचा ड्रायव्हर आहे, तो हार्डवेअरशिवाय डिस्प्लेचं सोंग करतो. व्हर्च्युअल मशिनमध्येच चालव, म्हणजे कर्नल पडला तरी लॅपटॉप शाबूत राहील. मेसाच्या बाजूनं सॉफ्टपाइप वाच. तो गॅलियमचा ड्रायव्हर आहे पण सगळं सीपीयूवर करतो, त्यामुळे स्टेट ऑब्जेक्ट बनतो, बांधला जातो आणि वापरला जातो हा पूर्ण प्रवास डिबगरमध्ये पावलापावलानं बघता येतो.

कर्नलच्या ग्राफिक्स डॉक्युमेंटेशनमध्ये करण्याजोग्या कामांची यादी आहे, प्रत्येक कामापुढे ते किती अवघड तेही लिहिलंय. 'सुरुवातीचं' असं लिहिलेलं एक उचल.

अमृता_द

सई, आणखी एक. कर्नलचे पॅच मेलिंग लिस्टवर साध्या टेक्स्टमध्ये जातात, मेसाचे गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्टनं. मेसाची सवय आधी लावून घे, सोपं जाईल. आणि पॅचवर चार दिवस उत्तर आलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, आठवड्यानं नम्रपणे आठवण कर.

सांगलीची_सई

धन्यवाद ताई, धन्यवाद सर. सॉफ्टपाइप डाउनलोड केलं. बिल्ड होत नाहीये, मेसॉन म्हणतंय पायथनचं माको नाही. हे काय असतं?

फेन्सवरचा_कावळा

पायथनची टेम्प्लेट लायब्ररी. मेसाचा बराचसा कोड बिल्डच्या वेळी त्यातून तयार होतो. पॅकेज मॅनेजरनं टाक आणि मेसॉन पुन्हा चालव. आणि सर नको, कावळा चालेल.